कंसातला छत्तीस

१

कागद चाळीस असायला हवे होते. चो बाईंनी तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा ते अडतीसच भरले.

चौथ्यांदा मोजायला त्यांनी बोट ओलं केलं, तशी समोरच्या टेबलावरून आमान मावशी म्हणाल्या, "बाई, कितीही मोजा. कागद काही पिल्लं घालत नाहीत."

ताइनानच्या त्या मत्स्यविद्यालयाचं कार्यालय आमान मावशींच्या हातात होतं, बत्तीस वर्षं. प्राध्यापक आले, गेले, टक्कल पडून निवृत्त झाले. मावशी तिथेच होत्या आणि याच महिन्याअखेर त्याही निघणार होत्या. भिंतीवर त्यांच्या निरोपसमारंभाची सूचना लागली होती. ती त्यांनी स्वतःच टाइप केली होती, कारण दुसऱ्याच्या टायपिंगवर त्यांचा विश्वास नव्हता.

चो बाई मात्र निवृत्त होऊनही थांबल्या नव्हत्या. तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, आता एका नियतकालिकासाठी लेखांतले आकडे तपासायच्या. लोक निवृत्तीनंतर बागेतली माती खणतात, बाई दुसऱ्यांच्या सरासऱ्या खणायच्या. आणि आज सकाळपासून त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं, कारण हाती आलेलं प्रकरण झकास होतं.

को यीरोंग नावाच्या मुलीचा लेख. साबाही मासा पकडल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात बुडवला तर त्याचा उग्र वास कमी होतो आणि सूप जास्त चवदार लागतं, असं तिचं म्हणणं. वीस जणांना जुन्या पद्धतीचं सूप दिलं, वीस जणांना नव्या. प्रत्येकानं एक ते नऊपैकी एका आकड्याभोवती गोल करायचा. नवं सूप जिंकलं. लेख छापायला निघाला, आणि परवा संपादकांकडे निनावी पत्र आलं: दोन जणांचे कागद गायब आहेत. त्यांनी कमी गुण दिले म्हणून मुलीनं ते फाडून टाकले.

सोमवारी यीरोंग पेंघू बेटावरच्या संशोधन केंद्रात रुजू व्हायची होती. केंद्रानं स्पष्ट कळवलं होतं: आज पाच वाजेपर्यंत लेख स्वच्छ असल्याचं नियतकालिकानं सांगावं, नाहीतर जागा यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला जाईल.

बाईंनी लेखातली ती एक ओळ पुन्हा वाचली. टी (३६) = २.११, पी = ०.०४२.

अशा ओळींवर बाईंचा जीव होता. टी म्हणजे दोन सुपांतला फरक किती दणकट, त्याचं माप. पी म्हणजे मुळात फरक नसताना नुसत्या योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, इथे शंभरात साधारण चार. पाचाच्या आत असली की लेखकाच्या जिवात जीव येतो. आणि कंसातला आकडा? तो साधा हिशेब. दोन्ही गटांतली सगळी माणसं, त्यातून दोन वजा.

चाळिसातून दोन गेले तर अडतीस. इथे छत्तीस होते.

"यीरोंग कुठे भेटेल?" बाईंनी विचारलं.

"पोरगी चार दिवस इकडे फिरकलेली नाही. जेवते की नाही देव जाणे." मावशींनी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी काढली. डब्यात तशा पुष्कळ होत्या, पट्टी लावून नीट कापलेल्या. एकीवर त्यांनी पत्ता लिहिला आणि ती बाईंच्या हातात देताना आवाज खाली आणला. "बाई, चार वर्षं मी तिला माझ्या डब्यातलं जेवू घातलंय. ती चोरी करणारी नाही. पण एक सांगते, ती काहीतरी लपवतेय."

२

यीरोंगचे मार्गदर्शक वेन सर चहा गाळत बसले होते. छोट्या पेल्यात चहा, मोठ्या चेहऱ्यावर घाम.

"अर्जात चाळीस जणांचं वचन होतं आणि चाळीस आले!" ते म्हणाले. "हजेरीपत्रकावर चाळीस ठसे आहेत. चाळीस टॉवेल भेट दिले. चाचणी खरं तर सोमवारी होती, पण तेव्हा नेमकं वादळ आलं, म्हणून गुरुवारी घेतली. तरी सगळे आले. चाळीस वाट्या सूप मागवलं होतं."

"सगळं संपलं?"

"दोन वाट्या उरल्या. त्या मीच प्यायलो. का, तेही लेखात लिहायचं होतं का?"

"लिहिलं असतंत तर माझी सकाळ वाचली असती," बाई म्हणाल्या. "सर, कंसात छत्तीस आहे."

वेन सरांचा पेला ओठांशीच थांबला. "छत्तीस? शक्य नाही. कंस चुकला तर मी विद्यार्थ्याचा प्रबंध तोंडावर फेकतो. अख्ख्या विद्यालयाला माहीत आहे."

"शेवटची प्रत तुम्ही वाचलीत?"

सरांनी पेला खाली ठेवला. मग ओशाळून म्हणाले, "सही केली. शेवटच्या प्रती कार्यालयातून जातात. समास, तक्ते, शासनाला दिलेल्या अर्जाशी मेळ, हे सगळं तिथेच बघतात. आमान मावशींच्या हाताखालून कागद गेला की त्यात चूक उरत नाही. मग मी कशाला वाचू?"

"तरी बरं, सूप तरी स्वतः प्यायलात." बाई उठल्या. "पेंघूच्या यादीत दुसरं नाव कोणाचं आहे?"

"ल्याव मिंगदाचं. माझाच विद्यार्थी. खाली प्रयोगशाळेत मासे कापतोय."

३

ल्याव मिंगदानं सुरी खाली ठेवली नाही. वरही पाहिलं नाही.

"हो, ते पत्र मीच लिहिलं."

बाईंना वाटलं होतं, निदान अर्धा तास उलटतपासणी करावी लागेल. त्या थोड्या हिरमुसल्याच. "मग नाव का नाही घातलंस?"

"घातलं असतं तर लोक म्हणाले असते, नोकरीसाठी केलं."

"आणि खरं कशासाठी केलंस?"

"नोकरीसाठीच." त्यानं मान वर केली. "पण बाई, आकडे मी बनवलेले नाहीत. हे बघा ना. नव्या सुपाची सरासरी लिहिलीय ६.३३, माणसं लिहिलीत वीस. आता वीस जणांनी पूर्ण आकड्यांत गुण दिले, तर बेरीज पूर्ण आकडा येणार. तिला विसानं भागलं तर शेवटी पाच येईल नाहीतर शून्य. ६.३० येईल, ६.३५ येईल. ६.३३ बापजन्मात येणार नाही!"

 बाईंनी पिशवीतून कागद काढला आणि भराभर मांडलं. एकोणिसानं जमेना. अठरानं जमलं. एकशे चौदा भागिले अठरा, बरोबर ६.३३. अठरा आणि वीस अडतीस, त्यातून दोन गेले, छत्तीस. कंसाची आणि सरासरीची साक्ष तंतोतंत जुळत होती.

"बघितलंत?" मिंगदा म्हणाला. "त्या दोघांनी तीन-तीन गुण दिले असते तर सरासरी सहावर आली असती. नव्या सुपाची मिजास उतरली असती. म्हणून तिनं कागद फाडले."

"शहाणा आहेस," बाई म्हणाल्या. "पण एक सांग. तू दोन माणसं चोरलीस आणि जगाला चाळीस सांगायचं ठरवलंस. तर कंसात काय लिहिशील?"

"अडतीस. सरासरीही बदलीन. एवढं कोणालाही..." मिंगदा अडखळला.

"तिनं तर छत्तीस लिहिलेत. म्हणजे चोरानं कुलूप फोडलं आणि जाताना उंबऱ्यावर आपलं नाव-गाव लिहून गेला. इतकी बावळट आहे ती?"

मिंगदानं सुरी खाली ठेवली. "नाही," तो म्हणाला. "आमच्यात सगळ्यात हुशार तीच आहे."

४

यीरोंगच्या खोलीत खोकी बांधलेली होती, पण दोरी सोडलेली. जायचं की नाही हे त्या खोक्यांनाही माहीत नव्हतं.

"चूक माझी आहे, बाई," ती दारातच म्हणाली. "कागद मी हरवले. लिहून टाका."

"हरवलेस की फाडलेस?"

"तुम्हाला जे लिहायचं असेल ते."

"अगं, मी काय भाजी घ्यायला आलेय, जे आवडेल ते उचलायला?" बाई खोक्यावर बसल्या. "छत्तीस तू लिहिलेस. ६.३३ तू लिहिलंस. म्हणजे तू हिशेब अडतीस माणसांचाच केलास, आणि खरा केलास. मग लेखात चाळीस कोणी घातले?"

यीरोंगचे डोळे भरून आले. "पत्ता कसा सापडला तुम्हाला?" तिनं भलतंच विचारलं.

बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढून दाखवली. यीरोंगनं ती हातात घेतली, सहज उलटली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही चिठ्ठी... मला ठेवता येईल?"

"का?"

"असंच. मावशींचं अक्षर आहे."

"मग मावशींकडून दुसरी लिहून घे." बाईंनी चिठ्ठी तिच्या बोटांतून ओढून घेतली आणि जिना उतरल्या. खाली उजेडात त्यांनी ती उलटून पाहिली. मागे छापलेल्या एक ते नऊ आकड्यांची ओळ होती, एकाभोवतीही गोल नव्हता. कोपऱ्यात नखाएवढा लाल डाग. चव-चाचणीचा कोरा, न वापरलेला कागद कापून चिठ्ठ्या केलेल्या दिसत होत्या. यात घाबरण्यासारखं काय होतं?

घड्याळात एक वाजून गेला होता. बाईंनी हजेरीपत्रक काढलं. गहाळ कागद सत्तावीस आणि तेहतीस क्रमांकाचे. सत्तावीस नंबरला नाव होतं गिम आजीचं, धंदा मासेविक्री. तेहतीस नंबर तिची शेजारीण.

५

गिम आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि आवाज अख्ख्या बाजाराचा होता. "बस गं! काय हवंय? पोटाचा भाग संपला, डोकी आहेत!"

तिच्याकडून माहिती काढायची तर आधी काहीतरी तोंडात घालावं, म्हणून चो बाईंनी शेजारच्या ठेल्यावरून साबाहीच्या सुपाच्या दोन वाट्या आणल्या. आजीनं वाटी हातभर लांब सरकवली.

"नको. आज नाही."

तिनं आपला डबा उघडला. कोबी, टोफू, भात. माशांच्या ढिगामागे बसून ती बाई निवांतपणे पालेभाजी खात होती.

"आजी, मासे विकता आणि खात नाही?"

"खाते की! पण आज महिन्याची पहिली तिथी. पहिलीला आणि पौर्णिमेला मी शाकाहारी. चाळीस वर्षं झाली, नवरा आजारातून उठला तेव्हापासून. ही माझी शेजारीण पण तशीच. तुझी आई पाळत नव्हती?"

पाळायची. आई गेली आणि घरातलं पंचांगही भिंतीवरून उतरलं.  चो बाईंनी फोन काढला, चाचणीची तारीख शोधली. वादळामुळे सोमवारवरून ढकललेला तो गुरुवार. तिथी: पौर्णिमा!

"आजी," त्यांचा आवाज चढला, "त्या दिवशी विद्यालयात तुम्ही सूप चाखलंत का?"

"पौर्णिमेला? वेड लागलंय का तुला?"

"मग गेलात कशाला?"

"पोरीनं घरी येऊन बोलावलं होतं, न जाणं बरं दिसतं का? गेले, हजेरीवर आणि त्या कागदावर ठसा मारला, टॉवेल घेतला. तिला म्हटलं, मला सूप चालणार नाही. गोड आहे हो पोरगी. म्हणाली, काही हरकत नाही, कागद कोरा ठेवा. आणि स्वतःच्या डब्यातलं रताळं दिलं दोघींना."

इतक्यात बर्फवाला पावती घेऊन आला. आजीनं कमरेच्या पिशवीतून आपल्या नावाचा शिक्का काढला, लाल शाईत दाबला आणि पावतीच्या कोपऱ्यात ठप्पकन उमटवला.

बाई त्या लाल चौकोनाकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पर्समधली चिठ्ठी काढून पावतीशेजारी धरली. कोपऱ्यातला तो डाग नव्हताच. तो याच शिक्क्याचा कापलेला तुकडा होता.

सकाळी दहापासून हरवलेला पुरावा त्या पर्समध्ये घेऊन हिंडत होत्या!

६

साडेचारला सगळे कार्यालयात जमले. वेन सर, मिंगदा, आणि बाईंनी फोनवर अक्षरशः दटावून बोलावलेली यीरोंग. आमान मावशींनी सवयीनं सगळ्यांना चहा दिला.

"कोणीही काहीही चोरलेलं नाही," चो बाई म्हणाल्या. "दोघी आल्या, पण पौर्णिमा होती, म्हणून त्यांनी सूप चाखलं नाही. त्यांचे कागद कोरे राहिले. त्याच उरलेल्या दोन वाट्या सर प्यायले. यीरोंगनं प्रामाणिकपणे अडतीस जणांचा हिशेब केला. प्रश्न एवढाच, की नंतर कोणीतरी लेखात तीन जागी फेरफार केला. सारांशात, तक्त्यात आणि जिथे माणसांची माहिती असते तिथे. तिन्हीकडे चाळीस जुळवले. पण कंसातला छत्तीस तसाच ठेवला आणि ६.३३ही."

"बाई, पुरे," यीरोंग कळवळून म्हणाली. "मी सांगितलं ना, माझी चूक..."

"तू गप्प बस. हे वेन सरांनी केलं असतं तर पहिला कंस बदलला असता. मिंगदाला तर स्वप्नातही कंस दिसतात. यीरोंगनंच तो आकडा लिहिला. म्हणजे हा हात अशा माणसाचा, ज्याला चाळिसाचं वचन पाठ आहे, पण छत्तीस कशाचे हे ठाऊक नाही. आणि शेवटची प्रत ज्याच्या हातून जाते." बाई वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. "मावशी, तो बिस्किटांचा डबा देता?"

मावशींना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी डबा दिला. बाईंनी चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या आणि उलट्या करून जुळवायला घेतल्या. कोऱ्या ओळीला ओळ लागली. अर्ध्या लाल ठशाला पर्समधल्या चिठ्ठीवरचा दुसरा अर्धा भेटला. सत्तावीस नंबर. मग तेहतीस.

"हे तर कोरे कागद होते!" मावशी म्हणाल्या. "त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. एवढा चांगला कागद फुकट घालवायचा? कापले मी."

"आणि लेखातलं वाक्य? 'दोन जणांना वगळण्यात आलं', असं यीरोंगनं लिहिलं होतं ना?"

"काढलं." मावशींनी मान ताठ केली. "सत्तर-ऐंशी वर्षांच्या बायका उन्हातून आल्या, आपल्या दारात ठसा मारला, आणि त्यांना वगळलं असं छापायचं? आल्या पाहुण्याचा असा अपमान करतात का? शिवाय अर्जात चाळीस, हजेरीत चाळीस, टॉवेल चाळीस. हिनं अडतीस लिहिले, मला वाटलं पोरीची नजर चुकली. बत्तीस वर्षं मी सगळ्यांच्या चुका..."

वाक्य अर्ध्यावरच राहिलं. मावशींनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी यीरोंगकडे.

"तुला माहीत होतं?"

"छापील प्रत बघितली तेव्हाच कळलं," यीरोंग रडत म्हणाली. "कागदपत्रांत फेरफार म्हणजे चौकशी लागते, मावशी. तुमचा निरोपसमारंभ आहे. बत्तीस वर्षं... मी म्हटलं, मला दुसरी नोकरी मिळेल."

"मूर्ख!" आमान मावशी कडाडल्या. इतक्या मोठ्यानं की मिंगदानं दचकून चहा सांडला. "माझ्या डब्यातलं खाऊन हेच शिकलीस? माझ्या चुकीखाली तू नाव घालणार? मी कधी कोणाची चूक राहू दिलीय या कार्यालयात, की माझीच राहू देईन?"

त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती. त्यांनी फोन पुढे ओढला, संपादकांचा नंबर लावला. तो त्यांना पाठ होता.

"मी आमान, मत्स्यविद्यालयातून. लिहून घ्या. आले चाळीस, चाखलं अडतीस जणांनी. दोघींनी पौर्णिमा म्हणून चाखलं नाही, त्यांच्या मर्जीनं... नाही हो, मुलीची नाही. फेरफार माझ्या हातून झालाय. दुरुस्तीत माझं नाव छापा. पूर्ण नाव सांगते... घाई करा, पेंघूला पाचच्या आत कळलं पाहिजे. आणि चो बाई इथेच आहेत, त्यांना विचारा."

चो बाईंनी फोन घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "आकडे सगळे बरोबर आहेत. पहिल्यापासून होते."

सगळे घड्याळाकडे बघत बसले. पाचला दोन मिनिटं असताना यीरोंगचा फोन वाजला. तिनं नुसतं "हो, सोमवारी" म्हटलं आणि मावशींच्या गळ्यात पडली. मिंगदा सांडलेला चहा पुसत होता. "पेंघूला वारा फार," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "जाड कोट घेऊन जा."

"बाई, चौकशी लागली तर लागली," मावशी नाक पुसत म्हणाल्या. "पण त्या कंसात छत्तीस का, ते मला आधी समजावून द्या. बत्तीस वर्षं मी ते कंस टाइप करतेय. मला वाटायचं, पान नंबर असेल."

बाईंनी हसत हसत समजावून दिलं. मावशींनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा स्वतः करून दाखवलं. मग त्यांनी गोंद काढला आणि चिठ्ठ्या नव्या कागदावर चिकटवायला बसल्या. एक तुकडा मात्र सापडला नाही. तो मागच्या आठवड्यात भाजीच्या यादीबरोबर गेला होता. बाईंनी पत्त्याची चिठ्ठीही त्यांना देऊन टाकली, ती ठशाच्या जागी नीट बसली.

मग चो बाईंनी बोट ओलं केलं आणि गठ्ठा पुन्हा मोजला. चाळीस भरले.